पाकिटांच्या माळा आणि मूठभर फुटाणे

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला एक पिशवी टांगलेली आहे. तिच्यात पिशव्या असतात. किराण्याच्या, कापडदुकानाच्या, मेडिकलच्या. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण एक दिवस पिशवी इतकी फुगते की खिळाच निघून येतो! लेकरांना घेऊन किराणा आणायला जाणाऱ्या माणसाकडे किस्से असेच साठतात. माझा खिळा गेल्या महिन्यात निघाला.

मी जालन्याकडच्या टेंभुर्णीची. पण दहावीनंतर सगळं शिक्षण बाहेर झालं. बंगळूरला आहारशास्त्र शिकले आणि तिथल्या दवाखान्यातली नोकरी समोर असताना परत आले. कशाला? गावातल्या लेकरांच्या तोंडात चांगलं अन्न पडावं म्हणून. हे वाक्य मी घरी पहिल्याच संध्याकाळी उभं राहून बोलले होते. वहिनीनं विचारलं, "ताई, चहा बसून घेता का उभ्यानंच?"

अण्णा, म्हणजे माझे वडील, अंकुशनगरला साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. ट्रॉली काट्यावर चढल्याशिवाय तिच्यात ऊस आहे यावरही त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांनी माझं भाषण पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "सहा महिने देतो. गावातलं एक दुकान, एकच, तुझ्या म्हणण्यानं बदलून दाखव. दाखवलंस तर खुशाल राहा इथं. न्हाई तर बंगळूरची नोकरी धरायची. मंग रडायचं न्हाई."

मी म्हटलं, "एक काय, सगळी बदलते!"

"एकच बदल. काट्यावर एका वेळी एकच ट्रॉली चढतीय."

सुरुवात मी घरापासून केली. अण्णांना बीपी आहे. पहिल्याच आठवड्यात मी फ्रिजवर कागद चिकटवला: मीठ अर्धं, पापड बंद, लोणचं बंद, फरसाण बंद. अण्णांनी चष्मा लावून कागद वाचला, "बराबर हाय" म्हणाले आणि त्या दिवसापासून अळणी वरण मुकाट्यानं खाऊ लागले. एकदाही तक्रार नाही! एवढा मनोनिग्रह मी बंगळूरच्या दवाखान्यातही पाहिला नव्हता. मी गावभर त्यांचं उदाहरण देत हिंडायचे.

वहिनीनं किराण्याची पिशवी आणि दोन लेकरं एकदमच माझ्या हवाली केली. स्वरा सहा वर्षांची, पहिलीत. ओम चार वर्षांचा, अंगणवाडीत. दादा नवीन जालन्यात नोकरीला, घरी येतो शनिवारी. वहिनीचं दिवसभर शिलाई मशीन चालू. ती म्हणाली, "ताई, गावाचं राहू द्या. या दोघांना पाकीट न घेता दुकानातून परत आणलं, तर मी तुमचा फोटो लावीन भिंतीवर."

आमच्या भिंतीवर कोणत्या माणसांचे फोटो लागतात, हे तिच्या नंतर लक्षात आलं!

*

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रफिकभाईंचं किराणा दुकान आहे. दुकानाला दार आहे, पण तेव्हा ते दिसत नसे. वरच्या पट्टीपासून पार गुडघ्यापर्यंत चिप्स आणि कुरकुरीत कसल्याकसल्या पाकिटांच्या माळा! मोठी माणसं पडद्यासारख्या त्या बाजूला सारून आत जायची. लेकरांना काही सारावं लागत नसे. त्यांच्या नाकासमोरच पाकीट.

पहिल्या दिवशी मी ओमच्या डोळ्यांवर हात ठेवून त्याला आत नेलं. नजरेला पडलं नाही की हट्ट होत नाही, असा माझा हिशेब. आत गेल्यावर ओम म्हणाला, "आत्या, हात ठेव नाहीतर काढ. मला आवाज येतो."

"कसला आवाज?"

"पाकिटाचा."

रफिकभाईंना गंमत वाटली. ते पोत्यांच्या थप्पीमागे गेले आणि एक पाकीट चोळलं.

"लाल," ओम म्हणाला. लाल म्हणजे टोमॅटोचं.

दुसरं पाकीट. "पिवळं." पिवळं म्हणजे साधं मिठाचं.

तिसरं. ओमनं डोळे मिटले, मान तिरकी केली. "हिरवं. पण फुटेल हाय."

हिरवं म्हणजे मसाल्याचं. रफिकभाईंनी ते उजेडात धरून उलटसुलट पाहिलं. खरंच कोपऱ्याला भोक होतं!

"ताई," रफिकभाई म्हणाले, "याला शाळेत काऊन घालता? डायरेक्ट कंपनीत बसवा!"

*

मुलांवर निर्णय लादू नयेत, त्यांना निवड करू द्यावी, असं मला शिकवलं होतं. मी पुढच्या वेळी दुकानाच्या ओट्यावर दोघांना बसवलं. "आज आपण मतदान घेऊ. शेंगदाणे की फुटाणे?"

"पाकीट," दोघं म्हणाले.

"पाकीट उभं नाहीये निवडणुकीला."

स्वरानं हात वर केला. "मी उभं करते."

मतदान झालं. पाकीट दोन, शेंगदाणे एक. ते एक मत माझं. मी घाईघाईनं म्हटलं, "मतदानाला अठरा वर्षं पूर्ण लागतात."

स्वरानं हात खाली घेतला. मग म्हणाली, "मंग आम्ही अठराचे झाल्यावर येऊ ना किराणा आणायला. तवर तू एकटी येत जा."

रफिकभाईंनी तोंडावर रुमाल धरला होता. हसत होते की शिंकत होते, कळलं नाही.

*

त्यानंतरच्या आठवड्यात ओम दुकानात जमिनीवर आडवा झाला. साखरेच्या पोत्यापासून तराजूपर्यंत सबंध! बाजाराचा दिवस, दुकान खच्चून भरलेलं. तो ओरडत होता, "पाकीट! पाकीट!"

अशा वेळी काय करायचं याचं मी रीतसर प्रशिक्षण घेतलं आहे. आवाज चढवायचा नाही. मुलाच्या उंचीला यायचं. त्याच्या भावनेला नाव द्यायचं. मी त्याच्याशेजारी मांडी घातली आणि शांतपणे म्हटलं, "ओम, तुला राग आलाय. मला कळतंय."

ओम आणखी जोरात ओरडला.

"तुला ते पाकीट खूप हवंसं वाटतंय. मला कळतंय, ओम."

डाळीच्या पोत्याला टेकून एक म्हातारी बसली होती. तिला राहवेना.

"अगं बाई, येवढं कळून राह्यलं तुला, तर दे ना मंग!"

अख्खं दुकान तिच्या बाजूनं! एकानं पाकीट तोडलं, दुसऱ्यानं फोडलं आणि तिसऱ्यानं ओमला उठवून त्याच्या हातात दिलं. तिघांपैकी एकालाही मी ओळखत नव्हते. आमच्याकडे रडणारं लेकरू हे सगळ्या गावाचं असतं. त्याच्या दाताची कीडच तेवढी आईबापाची.

*

मग वाटलं, दुकानच बदलून पाहावं. दोघांना घेऊन नवीन जालन्याला गेले, दादाला भेटायला, आणि तिथून एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये. तिथे माणूस हातात वस्तू घेऊन वाचू शकतो. स्वराला नुकतंच जोडाक्षरांपर्यंत वाचता यायला लागलं होतं. मी तिला पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर दाखवलं आणि "ह्यात काय काय आहे ते शोधायचं" असा खेळ शिकवला. मी वहीत लिहून घेत होते. ओम ट्रॉलीत बसलेला.

स्वराला खेळ फारच आवडला. ती आपल्या ट्रॉलीपुरती थांबेना! एका बाईंच्या हातातला बिस्किटपुडा तिनं मागून वाचला. "काकू, पामतेल!" बाईंनी पुडा ठेवून दिला. एका काकांना म्हणाली, "यात साखर पैली लिवलीय. पैली म्हणजे जास्ती." काकांनी बाटली जागेवर ठेवली. पाच मिनिटांत त्या रांगेत शुकशुकाट!

तेवढ्यात टाय लावलेले मॅनेजर लगबगीनं आले. त्यांनी माझी वही पाहिली, पेन पाहिलं, कपाळाचा घाम पुसला. "मॅडम, आधी फोन केला असता तर! या ना, केबिनमधी बसा. चहा सांगतो."

मला वाटलं, जालना बदलतंय. नागरिकानं दोन प्रश्न विचारले तर चहा मिळतो! मी केबिनमध्ये बसून त्यांना अर्धा तास समजावलं: लेकरांच्या उंचीच्या फळीवर फळं ठेवा, पाकिटं वरच्या फळीवर. ते प्रत्येक वाक्याला "बिलकुल मॅडम, बिलकुल" म्हणत होते. निघताना त्यांनी ओमच्या मांडीवर एक भली मोठी पिशवी ठेवली.

"हे काय?"

मॅनेजर हळू आवाजात म्हणाले, "सँपल, मॅडम. तपासणीला न्यावंच लागतंय तुम्हाला. सगळे फ्लेवर टाकलेत."

मी कोण आहे हे समजावायला तोंड उघडेपर्यंत ओमनं पहिल्या सँपलची तपासणी सुरू केली होती.

*

तीन महिने गेले. अण्णा रोज जेवताना विचारायचे, "काटा हलला का?" मी म्हणायचे, "हलतोय." ते अळणी वरण भुरकत म्हणायचे, "मला तर दिसून न्हाई राह्यला."

शेवटी एका दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, मी रफिकभाईंसमोर बसले. लेकरांचे दात, लेकरांची पोटं, लेकरांची भूक, सगळं सांगितलं. रफिकभाईंनी तराजूचं पारडं पुसलं. मग म्हणाले, "ताई, आमचे अब्बा या गादीवर बसायचे तवा सोबत लेकरू आणेल गिऱ्हाईक आलं, की आधी लेकराच्या हातावर मूठभर फुटाणे अन् गुळाचा खडा. मंग हिशेब. या माळा मी लावल्या. अब्बा असते तर जोड्यानं हाणलं असतं."

मी म्हटलं, "मग तेच पुन्हा सुरू करा ना! माळा काढा. फुटाण्यांची बरणी खाली ठेवा, लेकरांच्या उंचीवर."

त्यांनी दारातल्या माळांकडे पाहिलं. "करून पाहू. पर धंदा बसला तर तुम्ही इथं बसायचं, मी बंगळूरला जातो."

दुसऱ्या दिवशी माळा उतरल्या. तीस वर्षांनी दुकानाला दार आल्यासारखं वाटलं! लेकरू सोबत आणेल त्याला लेकरासाठी मूठभर फुटाणे आणि गूळ, फुकट. बातमी संध्याकाळपर्यंत गावभर.

माझा आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी शेजारच्या शबानाभाभी घाबऱ्याघुबऱ्या आल्या. "ताई, आमची सना पाह्यली का? सकाळपासून घरात न्हाई."

सना पाच वर्षांची, ओमची जोडीदार. आम्ही शोधत दुकानावर गेलो. सना तिथेच होती. अनोळखी बाईचं बोट धरून, शहाण्या मुलीसारखी उभी.

"तू इथं काय करून राह्यली गं?"

"बाजार," सना म्हणाली. "सकाळपासून सहा घरचा झाला."

लेकरू सोबत असलं की मूठ मिळते हे गावाला कळलं होतं. सोबत जाणाऱ्यालाच मूठ मिळते हे लेकरांना कळलं होतं. ओट्यावर पंधरा-वीस लेकरं रिक्षा स्टँडसारखी रांगेत बसलेली! गिऱ्हाईक दिसलं की पहिलं उठायचं, बोट धरायचं. ओमच्या पॅन्टचे दोन्ही खिसे फुटाण्यांनी टम्म. माझ्यासमोर एक म्हातारबाबा आले ते पाच लेकरांना घेऊन. घेतली एक काडीपेटी!

रफिकभाई कळवळले. "बाबा, लगीन न्हाई तुमचं! ही पाच कुणाची?"

"कुणाची का असंनात. काडीपेटी उचलू लागाया आणली."

शेवटी रफिकभाईंनी उपाय काढला. एका लेकराला दिवसातून एकदाच मूठ आणि मूठ दिली की बोटाच्या नखाला मार्करची शाई. मतदानासारखी! मी स्वराला म्हटलं, "बघ, मिळाला ना अठरा वर्षांच्या आधी हक्क!"

ओमनं शाईचं बोट निरखून पाहिलं. दुपारी तो पुन्हा दुकानात गेला, चप्पल काढली आणि पायाचा अंगठा बरणीच्या झाकणावर ठेवला.

*

पाचव्या महिन्यात पाकिटांच्या कंपनीचा सेल्समन मोटारसायकलवर आला. मोकळं दार पाहून त्याचं हेल्मेट काढायचंच राहिलं. "रफिकभाई, माळा कुठंयत?"

रफिकभाईंनी माझ्याकडे बोट केलं. "त्या ताईला विचारा."

सेल्समननं मला अर्धा तास समजावलं. लेकरांची आवड, बाजाराची मागणी, नवे फ्लेवर, हिरव्यावर स्कीम. बोलायला गोड माणूस. मी सहज विचारलं, "तुम्हाला मुलं आहेत का हो?"

"हाय ना. एक पोरगी, तीन वर्षांची."

"तिला कोणता फ्लेवर आवडतो?"

"छे छे ताई! आमच्या घरात बिलकुल येऊ देत न्हाई मी हे."

मग त्यानं हेल्मेट काढलं. बरणीतले दोन फुटाणे खाऊन पाहिले आणि जाताना पावशेर फुटाणे घेऊन गेला.

*

सहा महिने एका रविवारी संपत होते. सकाळी मी लेकरांना घेऊन गूळ आणायला गेले. दार मोकळं, बरणी खाली, बरणीभोवती शाईच्या बोटांची पाच-सहा लेकरं. एका बाईचं लेकरू तर घरी चालायला तयार नव्हतं, "फुटाणे" म्हणून रडत होतं! त्या रडण्यानं माझे डोळे भरून आले. मनात म्हटलं, अण्णा, चढवा ट्रॉली काट्यावर!

तेवढ्यात ओम थबकला. त्यानं डोळे मिटले. मान तिरकी केली. मग सरळ गल्ल्याला वळसा घालून तो तेलाच्या डब्यांमागे शिरला आणि ओढत ओढत एक माळ बाहेर आणली. पंख्याच्या वाऱ्यानं हलत होती म्हणे. हिरव्या पाकिटांची. अर्धी संपलेली.

"रफिकभाई!"

रफिकभाईंनी दोन्ही कानांना हात लावले. "ताई, कसम सांगतो, लेकराला एक बी दिलं न्हाई. एकच गिऱ्हाईक हाय याचं. रोज सकाळी फिरायला निघाले की येतात. 'लेकरासाठी पाहिजे' म्हणतात. सोबत लेकरू एक बी नसतंय."

"कोण आहे ते?"

"नाव न्हाई सांगणार. गिऱ्हाइकाचं गुपित दुकानाबाहेर जात नसतंय. पर मोठं माणूस हाय. मला न्हाई म्हणता येत न्हाई."

मी रिकाम्या हातानं घरी आले. गूळ आणायचा राहिलाच.

दुपारी सगळे एकत्र जेवायला बसलो. दादाही होता. भाकरी, अळणी वरण, वांग्याची भाजी. अण्णांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "झाले सहा महिने. दुकान बदललं का?"

खोटं बोलणं मला जमत नाही. "बदललं, अण्णा. जवळजवळ."

"काटा जवळजवळ दाखवत नसतोय."

"दारावरच्या सगळ्या माळा गेल्या. लेकरं फुटाणे खायला लागली. एक... एकच माळ राहिलीय आत."

"हां, तेलाच्या डब्यामागं," अण्णा म्हणाले. "म्हणजे पुरतं न्हाई बदललं. ठरलं ते ठरलं. बंगळूरचं तिकीट काढ."

दादानं मान खाली घातली. वहिनी वाढायला आली होती, तिची पळी हवेतच राहिली.

"अण्णा," वहिनी हळूच म्हणाली, "डब्यामागं हे तुम्हाला कसं ठाऊक?"

पाण्याचा तांब्या घ्यायला अण्णा जरा पुढे वाकले.

ओमचा घास तोंडाशी थांबला. त्यानं डोळे मिटले, मान तिरकी केली.

"हिरवं," तो म्हणाला.